वाटेवरचा पहिला हात

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले, की लोणी काळभोरच्या पुढे यवत लागते. तुकोबांच्या पालखीचा येथे मुक्काम असतो. त्या दिवशी गावात पिठले-भाकरी शिजते आणि अनोळखी वारकऱ्याला आग्रह करून वाढली जाते. दमल्याभागल्याला आधार देणे या वाटेला नवे नाही. मग याच वाटेवर मोटारीचा अपघात झाला, की भोवती गर्दी जमते आणि जखमीला हात लावायला कोणी धजत नाही, असे का व्हावे?

माणसे निर्दय झाली म्हणून नव्हे. उचलणाऱ्याच्या मनात रक्ताचे भय नसते. भय असते ते पोलिसांच्या जबाबाचे आणि कोर्टाच्या तारखांचे. या भयाचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे.

जखमीपर्यंत वैद्य न्यावा, ही कल्पना जुनीच. लारे नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याने १७९२ च्या सुमारास रणांगणावर घोड्यांच्या हलक्या गाड्या धाडल्या आणि लढाई चालू असतानाच जखमींना उचलून आणले. पहिल्या तासाभरातले उपचारच पुष्कळदा प्राण राखतात, हे पुढे बाल्टिमोरच्या कौली या शल्यवैद्याने जगाला पटवले. आपल्याकडे मात्र कायद्याचे भय घड्याळाच्या आड येत होते. एका स्कूटरस्वाराला मोटारीची धडक बसली. जवळच्या इस्पितळाने पोलिसी प्रकरण म्हणून त्याला वीस किलोमीटर दूर धाडले आणि वाटेतच त्याने प्राण सोडला. या हकिगतीवरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. आधी उपचार, मग कागदपत्रे, असे न्यायालयाने १९८९ साली बजावले.

डॉक्टर मोकळा झाला. वाटसरू अडकलेलाच राहिला. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. एकंदर ९३७ रुग्णवाहिका, आणि प्रत्येकीत डॉक्टर! पण गाडी येईपर्यंतची मिनिटे कोणी सांभाळायची? २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले.

जुलै २०१९ मध्ये याच रस्त्यावर कदमवाकवस्तीजवळ मोटार आणि ट्रक यांची टक्कर होऊन यवतचे नऊ तरुण गेले. एका गावातली नऊ घरे एका रात्रीत अंधारली. वेगापुढे कधी कधी कोणतीच रुग्णवाहिका पुरी पडत नाही, हेही विसरता कामा नये. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर आता खटला भरता येत नाही, की त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

दिवाळीला आपली लेकीबाळी, जावई, पाहुणे याच रस्त्याने येतील. वाटेत कोणी पडलेला दिसला, तर १०८ फिरवा, वाहणारे रक्त स्वच्छ फडक्याने दाबून धरा आणि त्याच्याजवळ थांबा. वारकऱ्याला भाकरी वाढताना यवतकर नाव-गाव विचारीत नाही. कायद्याला तेवढे शहाणपण यायला बराच काळ लागला, एवढेच!