दप्तर कुणाचे?

मध्यंतरी मराठी भाषेवरच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. वक्ते तावातावाने सांगत होते की, परक्यांनी मराठीत घुसवलेले शब्द आता वेचून बाहेर काढले पाहिजेत. उदाहरणादाखल त्यांनी दहा-बारा शब्द घेतले, त्यात ‘दप्तर’ही होता. पुढच्याच रांगेत शाळेचा गणवेश घातलेली एक मुलगी मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. माझ्या मनात आले, हा शब्द बाहेर काढायचा तर पाठवायचा कुठे? त्याचे गाव कोणते?

आपल्याकडे हा शब्द फारसीतून आला हे खरे. फारसीत तो ‘दफ्तर’ आहे. पण तो मुळात फारसीचाही नाही आणि अरबीचाही नाही. त्याचे मूळ ग्रीकमध्ये सापडते. ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे जनावराचे कमावलेले कातडे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला इतिहासकार हेरोडोटस लिहितो की, आयोनियातले ग्रीक लोक पपायरसच्या पुस्तकांनाही ‘कातडी’च म्हणतात, कारण पूर्वी पपायरस मिळत नसे तेव्हा ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. म्हणजे लिहिण्याचे साधन बदलले, पण शब्द तसाच राहिला.

ग्रीकमधून हा शब्द पश्चिम आशियातल्या अरामी भाषेत गेला. यहुद्यांच्या तालमूदमध्ये अर्धवट कमावलेल्या कातड्याला ‘दिफ्तेरा’ म्हटले आहे. तिथून तो फारसी आणि अरबीत रुळला आणि त्याचा अर्थ ‘नोंदवही’ असा झाला. अब्बासी खिलाफतीच्या सुरुवातीला, आठव्या शतकाच्या मध्यात, सरकारी हिशेब सुट्या पानांवर ठेवले जात. ते बांधीव वह्यांमध्ये, म्हणजे दफ्तरांमध्ये, ठेवण्याची पद्धत खालिद इब्न बरमक याने पाडली असे अरबी इतिहासकार सांगतात. हे बरमक घराणे मूळचे बल्खचे. तिथल्या ‘नवविहार’ या बौद्ध विहाराचे प्रमुखपद त्यांच्याकडे वंशपरंपरेने होते. ‘बरमक’ हे नावच संस्कृत ‘प्रमुख’वरून आले असे अभ्यासक मानतात. ग्रीकांचा शब्द, अरबांचे राज्य आणि बौद्ध विहाराच्या घराण्यातला कारभारी! यातला ‘परका’ कोण हे कोणी ठरवायचे?

पुढे हा शब्द आणखी फिरला. मौलाना रूमींच्या ‘मसनवी’चे सहा भाग आहेत, त्यातल्या प्रत्येकाला ‘दफ्तर’ म्हणतात. उस्मानी तुर्कांच्या राज्यात खजिन्याचा प्रमुख ‘दफ्तरदार’ होता. तुर्कांकडून हा शब्द पुन्हा ग्रीकमध्ये गेला. आज ग्रीक माणूस ‘तेफ्तेरी’ म्हणतो तेव्हा त्याला वही अभिप्रेत असते. घरून निघालेला मुलगा परदेशी नाव घेऊन घरी परतावा, तसे हे झाले. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत ‘दफ्तरी’ म्हणजे वही. इंडोनेशियात ‘दफ्तार’ म्हणजे यादी. उर्दू-हिंदीत ‘दफ्तर’ म्हणजे कचेरी. युरोपातल्या डॉक्टरांनीही याच ग्रीक शब्दाचा आधार घेतला. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाला ब्रेटोनो या फ्रेंच डॉक्टरने १८२६ साली त्यावरून नाव दिले. तोच डिप्थेरिया, आपला घटसर्प.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. तरी ‘दप्तर’ मराठी कारभारातून गेले नाही. पेशव्यांच्या काळात हुजूर दप्तर होते, दफ्तरदार होते. कागद कापडी रुमालांत बांधून ठेवत. इंग्रजी अमलात इनाम कमिशनने गावोगावची इनामे तपासायला घेतली, तेव्हा याच कागदांवरून कुणाचे इनाम खरे आणि कुणाचे खोटे हे ठरले. पुढे गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले. आज मराठ्यांचा इतिहास लिहायचा तर पेशवे दप्तराशिवाय पान हलत नाही.

आणि मग मराठीने जे केले ते मला फार मोलाचे वाटते. कागदांचे बांधलेले गाठोडे म्हणजे दप्तर, तर मुलांच्या वह्या-पुस्तकांचे गाठोडे तेही दप्तरच. कातडे, नोंदवही, यादी, कचेरी असे अर्थ इतरांनी दिले. पोराच्या पाठीवर हा शब्द मराठीने चढवला. हा अर्थ इथल्या मातीतला आहे. तो ना अथेन्समध्ये मिळेल ना बगदादमध्ये.

शब्दाला परका म्हणणे सोपे असते. पण शब्दाला लावलेली ही फूटपट्टी हळूहळू माणसालाही लावली जाते, हा अनुभव माझ्यासारख्याला नवा नाही. ‘तुमचे मूळ कुठले?’ असे मलाही विचारतात. मी गावाचे नाव सांगतो, शाळेच्या दाखल्यावरची आजोबांची नोंद सांगतो. विचारणाऱ्याचे तेवढ्याने समाधान होत नाही. मात्र त्याला हवा असलेला पुरावा जिथे शोधायचा, त्या जागेलाही मराठीत दप्तरच म्हणतात.

कार्यक्रम संपला. वक्त्यांनी टाळ्या घेतल्या. ती मुलगी उठली आणि आईला म्हणाली, “आई, माझं दप्तर धर ना जरा.” तिच्या ‘माझं’मध्ये कसलीच शंका नव्हती.