डाय भंगारात गेली, गाडी चालत राहिली

आपल्याकडच्या मोटार उद्योगाचा इतिहास सहसा वालचंद हिराचंदांपासून सांगितला जातो आणि ते रास्तच आहे. 1944 साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्यात कारखाना उभा राहिला, पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. 1964 पासून फियाट 1100 डिलाइट ही गाडी मिळू लागली आणि 1970च्या दशकात तिलाच ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. 2000च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. ऑक्टोबर 2023च्या अखेरीस मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा तिच्यावर भरभरून लिहिले गेले. मी जे वाचले त्यात कारखानदार होते, टॅक्सीचालक होते, सिनेमेही होते. पत्रा ठोकणारा डेंटर मात्र कुठे नव्हता.

कारखाना बंद झाल्यावरही ही गाडी वीस-बावीस वर्षे धावली. ती कोणाच्या जिवावर?

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचे दाबून, वाकवून आणि जोडून केलेले अंगच सगळा भार पेलते. पुढे गुंडाळी स्प्रिंग, मागे पाटे. हे पाटे ज्या ब्रॅकेटवर टांगलेले असतात, तेही गाडीच्या पोटाशी वेल्ड केलेल्या पत्र्याचेच. मुंबईचा पावसाळा आणि खारी हवा आधी तिथेच घुसते. चिखल साचतो, गंज चढतो, आणि एखाद्या खड्ड्यात ब्रॅकेट फाटून पाटा वर घुसतो. इंजिनचे सुटे भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुन्या गाड्यांतून निघतात, पण तिथला ब्रॅकेटही तसाच कुजलेला असतो. नवा मिळत नाही, कारण तो ज्या डायवर दाबला जाई ती डायच उरलेली नसते.

मग तो हाताने घडवावा लागतो. हे काम मी अनेकदा जवळून पाहिले आहे. गाडीची डावी-उजवी बाजू एकमेकींची आरशातली प्रतिमा असते, म्हणून उस्ताद आधी शाबूत बाजू मोजतो. पुठ्ठ्याचा फर्मा कापून उलटा करतो आणि त्यावरून पत्रा कापतो. सरळ घडी सोपी असते. अडते ते वळणावर. बाहेरच्या वळणाची कड दुमडताना जास्तीचा पत्रा आत जिरवावा लागतो, आतल्या वळणावर तो ताणावा लागतो. घाई केली की चीर पडते. कारखान्यातल्या भागावर दाबून काढलेल्या उभट रेघा असतात, त्यांच्यामुळे पातळ पत्राही ताठ राहतो. हाताने तशा रेघा निघत नाहीत म्हणून सोळा गेजऐवजी चौदा गेजचा, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरचा पत्रा घ्यावासा वाटतो. पण जाड तुकडा जुन्या पातळ पत्र्याला जोडला की पुढची चीर नेमकी जोडाच्या कडेला जाते. म्हणून जाणता कारीगर जोड लांब पसरवतो, भार एका रेषेत येऊ देत नाही. वेल्डिंगही एका दमात करत नाही. इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये पत्रा निवू द्यायचा, कारण उष्णतेने तो ओढला जातो. थोड्या मिलिमीटरचा फरक पडला तरी मागचा ॲक्सल तिरका बसतो, टायर एका बाजूने झिजतात, गाडी ओढते. दोरीने तिरपी मापे ताडून पाहिल्यावरच शेवटचे वेल्डिंग होते.

हे सारे ज्ञान हातात राहते, कागदावर येत नाही. ब्रिटनमध्ये वेगळे घडले. एमजीबी ही गाडी 1980 साली बंद झाली, पण तिच्या डाय आणि जिग राखल्या गेल्या. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने 1988 पासून त्यांवरच तिचे नवे सांगाडे काढायला सुरुवात केली. तिथे वारसा लोखंडी साच्यांत टिकला. आपल्याकडे तो माणसांत टिकला, आणि माणसे म्हातारी होतात.

‘पंक्चरवाला’ हा शब्द मुसलमानांसाठी शिवीसारखा वापरला जातो. त्यावर आपल्यातले अनेकजण डॉक्टर-इंजिनिअर झालेल्यांची यादी पुढे करतात. ती यादी खरी आहे, पण तसे उत्तर देताना गॅरेजातले काम हलके असते हे आपणही कबूल करून बसतो. हे हुनर कोणा एका समाजाचे कधीच नव्हते. पांचाळ, लोहार, शीख, मुसलमान असे सगळे त्यात आहेत. गॅरेजातली उस्ताद-शागिर्द परंपरा हे या शहराचे एक तंत्रविद्यालयच होते. त्याचे ना प्रमाणपत्र निघाले, ना इतिहास लिहिला गेला.

कारखान्याच्या भागावर क्रमांक ठोकलेला असतो. उस्तादाने घडवलेल्या भागावर रंग चढला की तो ओळखूही येत नाही. काम चोख झाल्याची तीच खूण, आणि विसरले जाण्याचे कारणही तेच. ज्यांच्या घरात, मोहल्ल्यात असा एखादा जुना डेंटर आहे, त्यांनी त्याच्याजवळ बसावे, त्याचे फर्मे जपून ठेवावेत आणि तो काय सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. शागिर्द आता येईनासे झाले आहेत. निदान ऐकणारे तरी यावेत.