परग्रहावरचा पाहुणा आणि नाणेघाटाची जकात

दूरच्या एखाद्या ग्रहावरून मनुष्याहून कितीतरी प्रगत असे प्राणी पृथ्वीवर उतरले आणि येथील पाणी, वने व खनिजे उचलून नेऊ लागले, तर त्यांना तसे करण्याचा अधिकार पोचतो काय? प्रथमदर्शनी हा प्रश्न केवळ कल्पनाविलासाचा वाटतो. १८९८ साली इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स याची ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीत त्याने मंगळावरच्या प्राण्यांची स्वारी इंग्लंडवर आणली आहे. परंतु पहिल्याच प्रकरणात त्याने आपल्या देशबांधवांना, युरोपातून गेलेल्या लोकांनी टास्मानिया बेटावरील मूळ रहिवाशांच्या केलेल्या संहाराची आठवण करून दिली. त्याचे मंगळवासी केवळ दुष्टपणाने येत नाहीत. त्यांचा ग्रह थंड पडत चालला आहे आणि त्यांना जगावयाचे आहे. गरजेपोटी येणाऱ्या बलवानाला दुर्बळाचे धन नेण्याचा हक्क आहे काय, हा खरा प्रश्न होय. आणि तो आकाशातला नसून भूमीवरचाच आहे.

वेल्सच्याही साडेतीन शतके आधी, १५३९ साली, स्पेनमधील सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या धर्मशास्त्राच्या अध्यापकाने या प्रश्नाचा ऊहापोह केला होता. अमेरिका खंडातील सोनेरुपे स्पेनकडे वाहत होते, आणि ‘ती भूमी आम्ही शोधून काढली’ हे त्यासाठी एक समर्थन सांगितले जाई. व्हितोरियाचे उत्तर असे की, शोधाने मालकी मिळते ती बेवारस वस्तूची. तेथील लोक मात्र आपल्या भूमीचे खरे धनी होते. त्या लोकांनी जहाजे हाकीत येऊन स्पेन शोधून काढला असता, तर स्पेन त्यांचा झाला असता काय? परक्याने यावे, कोणास उपद्रव न देता हिंडावे, व्यापार करावा, एवढा अधिकार त्याने मान्य केला. तथापि केवळ येऊन पोचण्याने धनीपण येत नाही, हे त्याने निक्षून सांगितले.

या तत्त्वाची पारख करण्यास ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर व मुरबाड या तालुक्यांइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरबाड तालुक्यात वैशाखरे हे गाव आहे. त्याच्याजवळूनच नाणेघाटाची प्राचीन वाट सह्याद्री चढून जुन्नरकडे जाते. सातवाहनांच्या काळी सोपारे, कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने देशावर जात असे. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असे परंपरा सांगते. जवळच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील, सुमारे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला लेख आहे. त्यात यज्ञांची नावे आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाणी यांचे आकडे कोरले आहेत. त्या वैभवास या मार्गावरच्या व्यापाराचा आधार होता, असे इतिहासकार मानतात.

या जकातीत एक न्याय होता. परका येथे आला तर त्याला येथील सत्ता मानावी लागे आणि वाटेचे मोल द्यावे लागे. परंतु तो न्याय अपुराही होता. राजाच्या दानांची मोजदाद दगडावर राहिली. घाटातून ओझी वाहणाऱ्यांना काय मिळाले, याविषयी लेख मूक आहे. धन्याची संमती आणि रहिवाशांची संमती या दोन वस्तू एक नव्हेत, हा धडा पुढील इतिहास समजून घेण्यास उपयोगी पडतो.

इंग्रजी अमलात परक्याची दृष्टी वाटेवरून वनाकडे वळली. आगगाडी वासिंद, आसनगाव, खर्डी असे करीत शहापूर तालुक्यातून कसाऱ्यास पोचली आणि १८६५ साली थळघाट चढून गेली. रुळांखालच्या स्लीपरांसाठी आणि वाढत्या मुंबई शहरासाठी लाकूड हवे होते. १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारने वनांवर आपली पकड बसविली. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या दृष्टीने तेच वन म्हणजे सरपण, कंदमुळे आणि राब होता. भाताची रोपे करण्यापूर्वी त्या जागेवर फांद्या व पालापाचोळा जाळणे म्हणजे राब. त्याशिवाय येथील डोंगरउतारावर भात पिकविणे कठीण. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा व्यवहार परवान्याचा विषय झाला. असंतोष इतका वाढला की, ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांसाठी १८८५ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

वनामागून पाणी गेले. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ साली मुंबईस मिळू लागले. पुढे १९५७ साली वैतरणेवरचा मोडकसागर, त्यानंतर भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा, अशी धरणांची मालिका उभी राहिली. आज मुंबईस रोज सुमारे ३८० कोटी लिटर पाणी मिळते. त्यातील जवळजवळ निम्मे एकट्या भातसेचे. आणि याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभ्या असतात. मुंबईकडे जाणारे प्रचंड नळ याच मुलखातून जातात.

येथे एक शंका रास्तपणे उपस्थित होते. मुंबईकर म्हणजे काही मंगळवासी नव्हेत. त्यांची तहान खरी आहे. त्या शहरात याच जिल्ह्याची मुले नोकरीसाठी जातात, आणि पाऊस कोणा एका तालुक्याच्या मालकीचा नाही. ही शंका अंशतः मान्य केलीच पाहिजे. पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी अडवून शहराने प्यावे, यात अन्याय नाही. अन्याय आहे तो क्रमाचा. गरजेमुळे मागण्याचा अधिकार मिळतो, न विचारता नेण्याचा नाही. आणि ज्याच्या उंबऱ्यावरून पाणी जाते त्याची घागर रिकामी ठेवून ते पुढे नेणारा आपली गरज कितीही खरी सांगो, व्हितोरियाच्या कसोटीस तो उतरत नाही.

‘विचारणे’ म्हणजे कोणास विचारणे, याचे उत्तर आता कायद्यानेही दिले आहे. शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा विचार घेणे आवश्यक ठरविले, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने वनावरील हक्क ठरविण्याच्या कामी ग्रामसभेस स्थान दिले. तरीही मुरबाड तालुक्यात काळू नदीवरच्या नियोजित धरणाचे काम आवश्यक वनमंजुरीवाचून सुरू झाल्याची तक्रार न्यायालयात न्यावी लागली, आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. राजाची परवानगी पुरेशी नाही, हे नाणेघाटाच्या लेखात न लिहिलेले वाक्य लोकांनी दोन हजार वर्षांनी न्यायालयात नेऊन वाचून दाखविले, असेच म्हणावे लागेल.

आता आकाशाकडे वळण्यास हरकत नाही. कारण तेथे परग्रहावरचा पाहुणा प्रथम मनुष्यच होणार, अशी चिन्हे आहेत. १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्रावर वा अन्य गोलावर कोणत्याही राष्ट्रास सार्वभौमत्व सांगता येत नाही. तथापि २०१५ साली अमेरिकेने कायदा करून, तेथून काढलेल्या द्रव्यावर आपल्या नागरिकांची मालकी मान्य केली. चंद्रावर पाण्याचा अंश आहे, हे सिद्ध करण्यात २००८ साली पाठविलेल्या भारताच्या चांद्रयानाचा मोठा वाटा आहे. २०२३ साली भारताचे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेही. तेथे विचारावे असा कोणी यजमान नाही, हे खरे. परंतु मागून येणारे आहेत, दुर्बळ राष्ट्रे आहेत, न जन्मलेल्या पिढ्या आहेत. आधी पोचला तो धनी, हा न्याय तेथे रूढ झाला, तर १५३९ साली सालामांकात खोडून काढलेली उपपत्ती नव्या वेषाने परत येईल.

तात्पर्य हे की, पाहुण्याची नीती त्याच्या विमानाच्या वेगावरून ठरत नाही. जेथून तो काही नेतो तेथल्या माणसास त्याने आधी विचारले काय, आणि त्याची घागर आधी भरली काय, एवढ्यावरूनच ती ठरते. परग्रहावरून कोणी येवो वा न येवो. शहरातील प्रत्येक घरी सकाळी नळ सुटतो, तेव्हा हे दोन प्रश्न भातसेच्या पाण्याबरोबर तेथे पोचलेलेच असतात.