डॉक्टरांचा संप झाला तर बुलढाणा जिल्ह्यातील रुग्णालये कोण चालवते?

डॉक्टरांचा संप म्हटला की बातम्यांत मुंबईचे केईएम किंवा नागपूरचे मेडिकल दिसते. बुलढाणा जिल्ह्यातल्या रुग्णासाठी मात्र पहिला प्रश्न वेगळा असतो: संपावर गेलेले डॉक्टर नेमके कोणते? निवासी, सरकारी वैद्यकीय अधिकारी की खासगी? तिघांच्या संघटना वेगळ्या, मागण्या वेगळ्या आणि त्यांच्या संपात बंद होणारे दारही वेगळे.

कोणाचा संप, काय बंद?

'मार्ड' ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर शिक्षण घेता घेता वॉर्ड सांभाळणाऱ्या निवासी डॉक्टरांची संघटना. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर राज्यातले सुमारे ४ हजार निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील घटनेनंतरही मार्डने काम थांबवले. बुलढाणा जिल्ह्यात तेव्हा चालू असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते. त्यामुळे अशा संपात जिल्हा रुग्णालयाची ओपीडी नेहमीसारखी भरते. झळ बसते ती पुढे पाठवलेल्या रुग्णाला. खामगाव, शेगाव भागातला गंभीर रुग्ण अकोल्याच्या शासकीय महाविद्यालयात जातो. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडचा बहुधा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत. खामगावहून अकोला सुमारे ५० किलोमीटर, तर बुलढाण्याहून संभाजीनगर जवळपास दीडशे. तिथे पोचल्यावर शस्त्रक्रिया पुढे ढकलली आहे असे कळले, तर नातेवाइकांसमोर खासगी रुग्णालयाचाच रस्ता उरतो.

इंडियन मेडिकल असोसिएशनचा, म्हणजे आयएमएचा बंद याच्या उलट. १७ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी ६ पासून २४ तास देशभरात खासगी डॉक्टरांनी तातडीची वगळता इतर सेवा थांबवल्या. असा बंद बहुतेक एका दिवसाचा असतो, आणि त्या दिवशी खासगी दवाखान्यांची गर्दी सरकारी केसपेपरच्या खिडकीवर येते.

तिसरा संप सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचा. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला सर्वात जड जातो तो हाच.

जुलै २०१४

या अधिकाऱ्यांची संघटना 'मॅग्मो'. प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आणि जिल्हा रुग्णालये यांच्याच बळावर चालतात. १ जुलै २०१४ पासून राज्यातले सुमारे १२ हजार सरकारी डॉक्टर संपावर गेले. अस्थायी बीएएमएस वैद्यकीय अधिकाऱ्यांना सेवेत कायम करावे, निवृत्तीचे वय वाढवावे, वेतनातील तफावत दूर करावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सरकारने मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेतील संपाला मनाई करणारा कायदा लावला. या कायद्याखाली वॉरंटशिवाय अटक करता येते. संप आठवडाभर चालला.

वेळही अडचणीची होती. ९ जुलैला आषाढी एकादशी होती, म्हणजे शेगावहून निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी आणि राज्यभरातल्या दिंड्या पंढरपूरच्या वाटेवर होत्या. शिवाय जुलै म्हणजे पेरणीचे, सर्पदंशाचे आणि गढूळ पाण्यातून होणाऱ्या जुलाबाचे दिवस. सर्पदंशावरची लस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये असते. पण ती द्यायची का, किती द्यायची आणि दिल्यावर ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया आली तर काय करायचे, हे ठरवायला डॉक्टरच लागतो.

शवविच्छेदन हा आणखी एक तिढा. अपघात, आत्महत्या किंवा मारहाणीच्या प्रकरणात हे काम सरकारी डॉक्टरच करतात. खासगी डॉक्टरला बोलावून ते उरकता येत नाही. मृतदेह ताब्यात मिळण्यासाठी थांबलेल्या कुटुंबाला संपाची झळ रुग्णाइतकीच बसते, पण रुग्णसेवेच्या आकड्यांत ती कुठे दिसत नाही.

मग वॉर्ड कोण सांभाळते?

पर्यायी व्यवस्था करण्याची जबाबदारी जिल्हा शल्य चिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांवर येते. हे दोघेही बहुधा सरकारी वैद्यकीय सेवेतूनच वर आलेले असतात. त्यांच्या हाताशी असतात राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी डॉक्टर, शाळांमध्ये मुलांची तपासणी करणाऱ्या पथकांतले आयुष डॉक्टर आणि मानधनावर येणारे खासगी तज्ज्ञ. १०८ रुग्णवाहिकेतले डॉक्टर चालक कंपनीच्या नेमणुकीवर असल्याने सरकारी अधिकाऱ्यांच्या संपात येत नाहीत. मात्र रुग्णवाहिका रुग्णाला पोचवते, दाखल करून घेत नाही.

साधी प्रसूती अनुभवी परिचारिका करू शकते. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघेही लागतात. एक आला आणि दुसरा नसला तर शस्त्रक्रिया होत नाही. ग्रामीण भागात भूलतज्ज्ञ एरवीही मोजकेच, म्हणून संपात सर्वात आधी अडते ते इथे.

डॉक्टर हजर असूनही रुग्णालय लंगडे पडू शकते. जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांनी १४ ते २० मार्च २०२३ या काळात संप केला, तेव्हा त्यात परिचारिका आणि चतुर्थश्रेणी कर्मचारीही होते. सलाइन लावणे, औषधे वेळेवर देणे, स्ट्रेचर ओढणे ही कामे डॉक्टरांच्या सहीने होत नाहीत. कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या आंदोलनात नवजात अर्भकांचा अतिदक्षता कक्ष अडचणीत येतो, कारण तिथला बराच कर्मचारीवर्ग आरोग्य अभियानातला असतो.

संपात मृत्यू वाढतात का?

१९७६ ते २००३ या काळात जगात झालेल्या काही डॉक्टर-संपांचा आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूंचे प्रमाण तेवढेच राहिल्याचे किंवा कमी झाल्याचे आढळले. संपाच्या समर्थनार्थ हा निष्कर्ष अनेकदा सांगितला जातो, पण त्यामागचे कारण फारसे सांगितले जात नाही: तातडीची सेवा बहुतेक ठिकाणी चालू होती आणि नियोजित शस्त्रक्रिया पुढे गेल्याने त्यांतली जोखीमही तात्पुरती टळली. हा हिशेब मोठ्या शहरातल्या रुग्णालयाला लागू पडतो, कारण निवासी डॉक्टर गेले तरी मागे प्राध्यापक असतात. एक-दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांवर चालणाऱ्या आरोग्य केंद्राला तो लावणे चूक आहे.

मनुष्यबळ किती तुटपुंजे आहे, हे पाहायला संपाचीही गरज नाही. २० फेब्रुवारी २०२४ च्या रात्री लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सप्ताहातल्या प्रसादातून शेकडो भाविकांना विषबाधा झाली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरली नाही. रस्त्यावर सतरंज्या अंथरून, दोरीला सलाइनच्या बाटल्या टांगून उपचार करावे लागले. त्या दिवशी कोणीही संपावर नव्हते.

बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यापुढे एक वर्ष आंतरवासिता. म्हणजे पहिल्या तुकडीचे आंतरवासी डॉक्टर वॉर्डात दिसायला २०२९ उजाडेल. पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले की निवासी डॉक्टरही येतील. रात्रपाळीला हात वाढतील, आणि मार्डच्या संपात बंद होणाऱ्या रुग्णालयांच्या यादीत तेव्हा बुलढाण्याचेही नाव असू शकेल.