पद्धतीवरून उत्पादनाचे पेटंट आणि घरचे बियाणे

काही पेटंटमध्ये उत्पादनाचे वर्णन गुणधर्मांऐवजी ‘अमुक पद्धतीने मिळालेले’ असे असते. युरोपीय पेटंट कार्यालयात असा दावा टिकण्यासाठी नुसती पद्धत नवी असून भागत नाही, उत्पादनही नवे लागते. नव्या पद्धतीच्या गुऱ्हाळात केला म्हणून गूळ नवा ठरत नाही, तसेच हे.

वनस्पतींबाबत वाद गाजला तो ब्रोकोली आणि झाडावरच सुरकुतणाऱ्या टोमॅटोमुळे. संकर करून निवड करण्याच्या पद्धतीला तिथे पेटंट मिळत नाही. तरीही त्यातून आलेल्या वनस्पतीवर दावा चालेल, असे २५ मार्च २०१५ रोजी ठरले. दार बंद, खिडकी उघडी! १४ मे २०२० च्या निर्णयाने तीही लावली. १ जुलै २०१७ पूर्वीची पेटंटे व प्रलंबित अर्ज मात्र वगळले.

भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) नुसार वनस्पती, बियाणे व वाणांना पेटंट नाही. वाणाला संरक्षण मिळते ते २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने. त्यातील कलम ३९ नुसार संरक्षित वाणाचे घरचे बियाणे शेतकऱ्याला राखता, पेरता, बदलता व विकता येते. ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. विक्रेता ‘पेटंट’ म्हणाला, तर वाणाची नोंदणी आहे का, हे आधी विचारावे.