सी ड्राइव्ह उडवू का?

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीत भंगारवाल्याच्या गाड्यावर दोन सीपीयू दिसले. त्यातला एक शेजारच्या काकांचा. मी सहज विचारलं, "काका, आतलं काही काढून घेतलं का?" काका म्हणाले, "त्यात आता काय असणार? पोरगं म्हणतंय, जुना झाला, नवं विंडोज चालत नाही."

मंडळी, या "काय असणार" बद्दलच आज लिहितोय. हेच वाक्य मीही २००९ साली बोललो होतो.

आजच्या पोरांना खोटं वाटेल, पण एकेकाळी कॉम्प्युटर वेगळा यायचा आणि विंडोज वेगळं "मारावं" लागायचं. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं तेव्हा ते सीडीवर मिळायचं, आणि सीडी ड्राइव्ह नसलेल्यांसाठी १३ फ्लॉप्यांचा गठ्ठा असायचा. तेरातली एक जरी खराब निघाली तरी काम अडलं. मग विंडोज ९८ आलं आणि २५ ऑक्टोबर २००१ ला एक्सपी. आपल्या करमाडसारख्या गावांत घरोघरी कॉम्प्युटर शिरला तो बहुतेक या एक्सपीच्या काळात. शहरात जाऊन असेंबल करून आणायचा, जीपमध्ये मांडीवर मॉनिटर धरून जालना रोडनं घरी यायचं.

बिलात विंडोजचा उल्लेख नसायचा. दुकानातला पोरगा सीड्यांचं पाकीट घेऊन यायचा, सीडीवर मार्करनं "एक्सपी" लिहिलेलं आणि खाली पंचवीस अक्षरांची की. ती सीडी चोरीची कॉपी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्याला चोरी मात्र कोणी म्हणत नव्हतं. खरं तेच सांगायला पाहिजे.

तो सोहळा आठवतो का? डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये जायचं, आधी सीडीवरून चालू हो असं सांगायचं. मग निळा पडदा. एफ-८ दाबून करार मान्य करायचा, जो कोणीच वाचला नाही. मग सी ड्राइव्ह निवडायचा, फॉरमॅट, फाइल कॉपी, रिस्टार्ट. आणि मग पडद्यावर यायचं, ३९ मिनिटं बाकी. ती ३९ मिनिटं कधी तासाभराची व्हायची. त्यात ते लोडशेडिंगचे दिवस. मध्येच लाइट गेली की यूपीएस बोंबलायचा आणि बऱ्याचदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी मदरबोर्डची सीडी टाकून ड्रायव्हर घातले की आवाज यायचा, आणि घरच्यांना वाटायचं आता कॉम्प्युटर चालू झाला.

माझ्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्याचं काम मात्र तिथं संपत नव्हतं. विंडोज ९८ ला मुळात मराठी कळतच नव्हतं. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, मॉड्युलरची श्रीलिपी अशा सॉफ्टवेअरवर आपली सगळी वर्तमानपत्रं आणि छापखाने चालले. त्यांनी मोठं काम केलं, पण त्यातली मराठी युक्तीची होती. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले. तो फॉन्ट असेल तर बातमी, नसेल तर नुसता इंग्रजी कचरा.

जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच कायमचा क्रमांक देणारं युनिकोड १९९१ साली आलं, त्यात पहिल्यापासून देवनागरी होती. विंडोजमध्ये देवनागरी नीट आली ती विंडोज २००० पासून. एक्सपीमध्येही होती, पण आपणहून चालू होत नव्हती. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या पानावर एक टिक करावी लागायची. त्या टिकेत अरबी, हिब्रू, थाई आणि आपल्या भारतीय भाषा एकत्र कोंबलेल्या. टिक केली की कॉम्प्युटर म्हणायचा, दहा एमबी जागा लागेल, एक्सपीची सीडी टाका. कोट्यवधी लोकांची भाषा, आणि ती मिळवायची तर सीडीवाल्या पोराला पुन्हा गाठा! माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर पडद्यावर धड जोडाक्षर दिसलं ते त्या टिकेनंतर. त्या दिवशी मी आईचं नाव टाइप करून तिला दाखवलं होतं.

आता २००९ ची गोष्ट. व्हायरसनं कॉम्प्युटर रडकुंडीला आला होता. सीडीवाला पोरगा आला, बसला, आणि मान न वळवता म्हणाला, "भाऊ, सी ड्राइव्ह उडवू का?"

मी चहा घेत म्हणालो, "उडव. त्यात काय असणार?"

महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला आहे अशी माझी समजूत होती. पण डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स हे सी ड्राइव्हवरच असतात. माझ्या डेस्कटॉपवर एक फोल्डर होतं. गावातल्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून टाइप केलेल्या आठवणी. रझाकाराच्या काळातल्या, आणि बहात्तरच्या दुष्काळातल्या. खडी फोडायला कोण कुठं गेलं, सुकडी कशी वाटली, जनावरं कोणी विकली. पुस्तक करायचं डोक्यात होतं. दुसरी प्रत नव्हती.

दोन दिवसांनी लक्षात आलं. क्विक फॉरमॅटनं फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर लगेच जात नाही, हे मला नंतर कळलं. पण तोवर त्याच जागेवर एक्सपी बसून गेलं होतं. पोराची चूक नव्हती, त्यानं विचारलं होतं. ती बोललेली माणसं आज एकही हयात नाहीत. पुन्हा कोणाला विचारू?

आता हे सगळं का उकरतोय? कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला सुरक्षेची ठरावीक चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, म्हणून घरं, शाळा, पतसंस्था, छोटी कार्यालयं जुनी मशीन काढायला लागलीत. भंगारात जातंय ते नुसतं लोखंड नाही. त्यात बचत गटांचे ठराव, शाळांचे हस्तलिखित अंक, लग्नाचे फोटो, कोणाच्या तरी बापाची पत्रं आहेत.

आणि मशीन लगेच टाकायचीही गरज नाही. २००५ ते २०११ या काळात उबुंटू लिनक्सच्या सीड्या परदेशातून टपालानं फुकट यायच्या, मीही मागवली होती. आपल्या सी-डॅकनं २००७ मध्ये बॉस लिनक्स काढलं, त्यात मराठी आहे. केरळनं तर सरकारी शाळांचं कॉम्प्युटर शिक्षणच लिनक्सवर नेलं. आता सीडीच्या जागी पेन ड्राइव्ह आलाय, बाकी काम तेच, आणि चोरीची की लागत नाही.

तेव्हा एवढंच करा. मशीन देण्याआधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उघडून बघा. इंग्रजी कचरा दिसणारी फाइल डिलीट करू नका, ती श्रीलिपीतली मराठी असू शकते, युनिकोडमध्ये बदलता येते. आणि चुकून फॉरमॅट झालंच तर तिथंच हात थांबवा, वर काही टाकू नका.

काकांचा सीपीयू मी गाड्यावरून उतरवून घेतलाय. डेस्कटॉपवर "बाबा" नावाचं एक फोल्डर निघालं. उघडलं नाही. उद्या काकांनाच घेऊन बसतो.