हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे (१९३४–२०२०)

भारतीय कुस्तीतील 'हिंदकेसरी' हा मानाचा किताब सर्वप्रथम मिळवणारे मल्ल म्हणजे श्रीपती खंचनाळे. त्यांचा उल्लेख बहुधा 'कोल्हापूरचे पैलवान' असा होतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्यांचे मूळ गाव आपल्या चिकोडी तालुक्यातील एकसंबा.

त्यांचा जन्म १९३४ साली झाला. त्या काळी आपल्या भागात गावोगावी तालमी होत्या आणि यात्रा-उरुसाला कुस्त्यांचा फड भरत असे. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागत. त्यातून एखादा चमकला की गावकरी त्याच्या खुराकाची सोय बघत आणि त्याला कोल्हापूरला पाठवत. खंचनाळे यांनीही कोल्हापूर गाठले आणि शाहूपुरी तालमीत ते तयार झाले.

कोल्हापूरच का, हे नव्या पिढीला सांगायला हवे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, तालमी उभ्या केल्या आणि खासबागचे मैदान बांधले. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय संपला, तरी लोकाश्रयावर तालमी चालू राहिल्या. कोल्हापुरातच शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले होते. अशा वातावरणात खंचनाळे घडले.

ऑलिंपिकची कुस्ती गादीवर आणि गुणांवर होते. हिंदकेसरी ही मातीतल्या, भारतीय पद्धतीच्या कुस्तीची स्पर्धा. १९५९ साली दिल्लीत हा किताब प्रथमच दिला जाणार होता. उत्तरेच्या, विशेषतः पंजाबच्या मल्लांचा तेव्हा मोठा दबदबा होता. अंतिम लढतीत खंचनाळे यांच्यासमोर उभे होते पंजाबचेच नामांकित मल्ल बंतासिंग. त्यांना हरवून खंचनाळे यांनी मानाची गदा जिंकली. पुढच्याच वर्षी, १९६० साली, कोल्हापुरातच तयार झालेले गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. पुढे १९६४ साली तो मान मारुती माने यांना मिळाला.

आता या कारकिर्दीतील तारखा आपल्या इतिहासाशी जोडून पाहा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. मुंबई राज्यातील बेळगाव, चिकोडी, निपाणी हा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी एकसंब्याचा हा पैलवान देशाचा पहिला हिंदकेसरी झाला. गाव एका राज्यात आणि तालीम दुसऱ्या राज्यात, अशी त्यांची स्थिती होती. पण वस्तादाने पठ्ठ्याचे अंग पाहिले, राज्य पाहिले नाही. महाराष्ट्र शासनानेही त्यांचा शिवछत्रपती पुरस्काराने गौरव केला.

१४ डिसेंबर २०२० रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले.

बँकेच्या नोकरीत या भागात असताना मी यात्रेतले फड पाहिले आहेत. हलगी वाजू लागली की मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे एकाच बांधावर बसत, आणि चांगल्या कुस्तीला दाद दोघांचीही येई. आज अनेक गावांत तालमीची इमारत उभी आहे, हौद्यातली माती मात्र उकरलेली दिसत नाही. मुलांना परदेशी खेळाडूंची नावे पाठ असतात. त्यात गैर काही नाही. पण पहिला हिंदकेसरी कोण आणि कुठला, असे विचारले तर आपल्या घरातल्या मुलाला 'एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे' असे उत्तर देता आले पाहिजे. एवढे आपल्या हातात नक्कीच आहे.